उचल की उचलेगिरी?

संगीतकार गुस्ताव होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदरचनेतली ‘मार्स’ म्हणजे पाच मात्रांत धडधडणारं युद्ध. ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचा गीझर बटलर ते बेसवर वाजवायचा. त्यावरून बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याला १९७०च्या ‘ब्लॅक सॅबथ’ गाण्याची रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा, सुचली. सा, वरचा सा, मग तीव्र मध्यम. बस्स, एवढंच! सा आणि तीव्र मध्यमातलं अंतर कुणाच्या बापाचं नाही. ही निखळ प्रेरणा.

किंग क्रिमझन बँडवाले मात्र मैफलींत थेट ‘मार्स’च वाजवत. रेकॉर्डसाठी होल्स्टच्या वारसांची परवानगी मिळेना, तेव्हा फेरफार करून त्यांनी ‘द डेव्हिल्स ट्रँगल’ बनवलं. होल्स्ट वारला १९३४ साली. ब्रिटनमध्ये तेव्हा मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क टिकत. बाखसारख्या जुन्या संगीतकारांचे हक्क कधीच संपलेत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत असली भीती नाही, पण श्रेय द्यायला कुठे पैसे पडतात?