नऊ वाफे, सोळा घरं आणि चूक पकडणारे आकडे

परतूर तालुक्यातल्या आष्टीसारख्या गावातही आता टपरीपासून कृषी सेवा केंद्रापर्यंत पैसे घ्यायला क्यूआर कोडचा फलक लावलेला असतो. त्यावर धूळ बसते, चहा सांडतो, एखादा कोपरा फाटतो, तरी फोन तो बहुतेक वेळा बिनचूक वाचतो. त्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांत मूळ मजकुराबरोबर काही जादा आकडे हिशेबाने पेरलेले असतात. क्यूआरच्या सर्वांत मजबूत प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला, तरी मजकूर परत उभा करता येतो. अशा कोडांच्या गणिताचं एक मूळ शेतीच्या प्रयोगांत आहे. तिथून कोडांपर्यंतच्या वाटेवर एक मोठं मराठी नाव भेटतं : शरदचंद्र शंकर श्रीखंडे.

शेतातली समान वाटणी

कपाशीचे तीन वाण आणि खताच्या तीन मात्रा तपासायच्या आहेत, असं समजा. जमीन सगळीकडे सारखी नसते. नाल्याकडची काळी माती ओल धरते, बांधाकडे मुरूम असतो. एकाच वाणाला सगळी चांगली जमीन मिळाली, तर निकाल खोटा ठरेल. म्हणून शेताचे तीन आडव्या ओळी आणि तीन उभ्या रांगा असे नऊ वाफे पाडायचे. प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रांगेत एकदाच यावा, खताचंही तसंच व्हावं, आणि प्रत्येक वाणाची प्रत्येक मात्रेशी एकदाच गाठ पडावी. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी अशा मांडण्यांचं शास्त्र उभं केलं.

आता प्रत्येक वाफ्याला चार आकडी क्रमांक देऊ : ओळ, रांग, वाण, मात्रा. ०, १, २ एवढेच अंक वापरले, तर नऊ क्रमांक असे येतात : ००००, ०११२, ०२२१, १०११, ११२०, १२०२, २०२२, २१०१, २२१०. यातले कोणतेही दोन घ्या, किमान तीन जागी ते वेगळे निघतात. म्हणजे ११२० पाठवताना वाटेत शेवटचा अंक बिघडून ११२१ झाला, तरी घेणारा मूळ क्रमांक ओळखू शकतो. यादीतला दुसरा कोणताही क्रमांक ११२१ च्या इतका जवळ नाही. पिकासाठी केलेली न्याय्य वाटणीच इथे चूक सुधारणारा कोड झाली.

ऑयलरचा अंदाज खोटा ठरला

तीनाऐवजी दहा ओळी, दहा रांगा घेतल्या तर? गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १७८२ साली अंदाज बांधला होता, की २, ६, १०, १४ अशा आकारांत ही दुहेरी वाटणी जमतच नाही. २ आणि ६ बाबत तो बरोबर होता. पण १९५९ साली संख्याशास्त्रज्ञ राजचंद्र बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी दाखवलं, की ६ नंतरच्या अशा प्रत्येक आकारात ती जमते. बोस-श्रीखंडे यांनी २२ आकाराची मांडणी रचली, पार्कर यांनी १० आकाराची. २६ एप्रिल १९५९ रोजी ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर छापून आली. कोडाच्या भाषेत दहाच्या मांडणीचा अर्थ असा : चार आकडी असे १०० क्रमांक निवडता येतात, की त्यांत एखादा अंक चुकला तर तो दुरुस्त करता येतो.

श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ चा, मध्य प्रदेशातल्या सागरचा. शिक्षण नागपूरच्या सरकारी विज्ञान महाविद्यालयात झालं. १९५० साली नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातून बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळवली. पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख आणि तिथल्या प्रगत अध्ययन केंद्राचे संस्थापक संचालक झाले. २१ एप्रिल २०२० रोजी वयाच्या १०२ व्या वर्षी ते गेले.

सोळा घरांचा ग्राफ

गणितात ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांतल्या काही जोड्यांना सांधणाऱ्या रेषा. काही ग्राफ फारच शिस्तीचे असतात. त्यांत प्रत्येक बिंदूच्या शेजाऱ्यांची, म्हणजे त्याला रेषेने जोडलेल्या बिंदूंची, संख्या सारखीच. जोडलेल्या कोणत्याही दोन बिंदूंचे सामाईक शेजारी ठरावीक, न जोडलेल्या दोघांचेही ठरावीक. बोस यांनी १९६३ मध्ये या ग्राफांची रीतसर व्याख्या केली.

चार बाय चारचा बुद्धिबळाचा पट घ्या. हत्ती एका चालीत जिथे जातो, ती घरं शेजारी माना. प्रत्येक घराला सहा शेजारी मिळतात, आणि कोणत्याही दोन घरांचे सामाईक शेजारी नेमके दोन. घराचं नाव ओळ आणि रांग असं दोन अंकी ठेवलं, तर हत्तीची एक चाल म्हणजे एका अंकातली चूक. हा ग्राफ म्हणजे चुकांचा नकाशाच आहे.

१९५९ मध्येच श्रीखंडे यांनी विचारलं, की हेच आकडे पाळणारा दुसरा ग्राफ असू शकतो का? हत्तीच्या पटाचा आकार चार सोडून कोणताही असेल, तर नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. फक्त चारच्या पटाला एक जुळं भावंड सापडलं. हत्तीच्या ग्राफात एका घराचे सहा शेजारी आपसांत जोडले, की दोन सुटे त्रिकोण होतात. या दुसऱ्यात एक षटकोन होतो. जगभरच्या पुस्तकांत त्याला ‘श्रीखंडे ग्राफ’ म्हणतात.

कोडातून ग्राफ

उलट वाटही तितकीच समृद्ध आहे. मार्सेल गोले यांनी १९४९ मध्ये दिलेल्या एका कोडात ०, १, २ या अंकांचे ११ लांबीचे ७२९ शब्द आहेत. त्यात दोन चुकांपर्यंत दुरुस्ती होते. चूक नसणं, एक चूक आणि दोन चुका अशा शक्यता १ + २२ + २२० = २४३ होतात. प्रत्येक शक्यतेला बिंदू मानून, एका चुकीचा फरक असलेले बिंदू जोडले, की २४३ बिंदूंचा अतिशय शिस्तीचा ग्राफ तयार होतो. प्रत्येकाला २२ शेजारी. जोडलेल्यांना एक सामाईक शेजारी, न जोडलेल्यांना दोन. बर्लेकॅम्प, व्हान लिंट आणि सायडेल यांनी तो १९७३ मध्ये मांडला. त्याच वर्षी फिलिप देल्सार्त यांच्या प्रबंधाने कोड आणि असे ग्राफ एकाच सिद्धान्तात बसवले. त्या सिद्धान्ताचा पाया बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाफ्यांच्या मांडण्यांसाठीच घातला होता.

मांडण्या आणि कोड यांच्या नात्याचा प्रत्यक्ष उपयोग तर त्याआधीच झाला होता. हॅडमार्ड तक्ते म्हणजे +१ आणि −१ यांचे असे चौरस तक्ते, की त्यांच्या कोणत्याही दोन ओळी निम्म्या जागी जुळतात आणि निम्म्या जागी वेगळ्या असतात. बोस-श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये हे तक्ते आणि कोड यांचं नातं दाखवलं होतं. अशाच ३२ आकाराच्या तक्त्यातून बनलेला कोड वापरून १९७१ साली मरिनर-९ यानाने मंगळाची छायाचित्रं पाठवली. त्या कोडात ३२ चिन्हांपैकी सात चुकली तरी ती सुधारता येत होती.

आष्टी-परतूरच्या शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांना एक विनंती. वर दिलेले नऊ क्रमांक फळ्यावर लिहा, मुलांना एक अंक मुद्दाम चुकवायला सांगा आणि मूळ क्रमांक शोधून दाखवा. दुसऱ्या तासाला मुलांकडून सोळा घरांचा पट काढून घ्या. आठवीच्या मुलाला हे दोन्ही जमतं. त्यानंतर, हे गणित करणारा माणूस नागपुरात शिकला आणि मुंबईत शिकवत होता, हेही त्यांना आवर्जून सांगा.