रेगेच्या ठेक्यावर ब्लूजची गिटार: पीटर टॉशच्या संगीतात हे दोन्ही एकत्र कसं आलं?

१९८३ साली जमैकाच्या पीटर टॉशनं चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' नव्यानं गायलं. मूळ गाणं १९५८ सालचं, अमेरिकन रॉक अँड रोलचं जणू ओळखपत्रच. खेड्यात राहणारा, लिहिण्या-वाचण्यात कच्चा पण गिटारवर हात बसलेला एक पोरगा ही त्यातली गोष्ट. बेरीचा जॉनी अमेरिकेतल्या लुईझियानाचा. टॉशनं त्याला उचलून जमैकात, मँडेविल शहराजवळ आणून ठेवलं.

बदल फक्त गावाचा नव्हता. टॉशनं वेग उतरवला, सुरावट मायनर स्केलमध्ये नेली आणि सुसाट धावणारं गाणं रेगेच्या चालीनं डुलायला लागलं. गिटार मात्र ब्लूजचीच राहिली. ती वाजवली होती डोनाल्ड किन्झी या अमेरिकन वादकानं.

दोन देशांचं, दोन वेगळ्या ठेक्यांचं संगीत एकत्र येऊनही जोड दिसत नाही. असं का, हे समजण्यासाठी आधी रेगेचा ठेका समजून घ्यावा लागेल.

पहिली मात्रा रिकामी

आपल्याकडे तालात समेला मान असतो. गायक कितीही फिरून आला तरी समेवर येतो आणि श्रोत्यांची मान हलते. रॉकमध्येही पहिल्या मात्रेवर ड्रमचा जोरदार ठोका पडतो.

रूट्स रेगेमधला 'वन ड्रॉप' हा ठेका नेमका उलटा आहे. चार मात्रा मोजल्या तर पहिली जवळजवळ मोकळी सोडलेली असते आणि ड्रमचा मुख्य ठोका तिसरीवर पडतो. गिटार दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर छोटा, तुटक आघात करते. या आघातांना 'स्कँक' म्हणतात. गाण्याची सुरावट बऱ्याचदा बेस गिटारच पुढे नेते. म्हणजे गिटार तालवाद्यासारखी आणि बेस गाणाऱ्यासारखा, अशी ही अदलाबदल आहे.

ब्लूजच्या गिटारचं काम वेगळं. तिथे तार ओढून सूर वाकवतात, आपल्याकडच्या मींडेसारखा. गायकानं एक ओळ म्हणायची आणि गिटारनं तिला उत्तर द्यायचं. यासाठी जागा लागते, आणि रेगेच्या ठेक्यात जागाच जागा असते.

मुळात नातं आहेच

दुसरं कारण इतिहासात आहे. १९५०च्या दशकात किंग्स्टनमध्ये रस्त्यावर मोठमोठे स्पीकर लावून नाच व्हायचे. या फिरत्या ताफ्यांना 'साऊंड सिस्टिम' म्हणत. तिथे वाजायच्या त्या अमेरिकेतून आलेल्या रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या. न्यू ऑर्लिन्स आणि मायामीची रेडिओ स्टेशनंही जमैकात ऐकू यायची. फॅट्स डोमिनो तिथे घराघरात माहीत होता.

पुढे अमेरिकेतली आवड रॉक अँड रोलकडे वळली आणि जमैकाला हव्या तशा तबकड्या येईनाशा झाल्या. मग स्थानिक निर्मात्यांनी स्वतःच गाणी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. त्यातून १९६०च्या सुमारास स्का, १९६६च्या आसपास रॉकस्टेडी आणि १९६८च्या सुमारास रेगे आलं. या सगळ्यांत मेंटोसारखं जमैकाचं स्वतःचं लोकसंगीत आणि रास्ताफारी पंथाचे ढोलही मिसळलेले होते. त्यामुळे रेगेवर ब्लूजची गिटार वाजते, तेव्हा बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या चुलत भावंडांसारखं काहीतरी होतं.

मग लंडनमध्ये काय झालं?

१९ ऑक्टोबर १९४४ रोजी वेस्टमोरलंड भागात जन्मलेला विन्स्टन ह्यूबर्ट मॅकिन्टॉश म्हणजेच पीटर टॉश. बॉब मार्ली आणि बनी वेलर यांच्यासोबत त्यानं किंग्स्टनच्या ट्रेंचटाऊन वस्तीत 'द वेलर्स' उभे केले.

१९७३ मध्ये त्यांचा 'कॅच अ फायर' अल्बम आला. आयलंड रेकॉर्ड्सच्या ख्रिस ब्लॅकवेलनं जमैकातल्या ध्वनिमुद्रणावर लंडनमध्ये आणखी वाद्यं चढवली. 'काँक्रीट जंगल'मधली गाजलेली गिटार अलाबामाच्या वेन पर्किन्सची आहे. त्यानं त्याआधी रेगे वाजवलंच नव्हतं.

ब्लॅकवेलचा हेतू उघड होता. त्याला वेलर्सना रॉक बँडसारखं, रॉक ऐकणाऱ्या गोऱ्या तरुणांसमोर आणायचं होतं. म्हणून अनेकांनी याकडे बाजारासाठी केलेली भेसळ म्हणून पाहिलं. आक्षेप अगदी चुकीचा नाही. इथे निर्णय दुसऱ्या देशात झाला होता.

टॉशनं निर्णय स्वतःकडे घेतला

वेलर्समधून बाहेर पडल्यावर टॉशनं १९७६ मध्ये 'लीगलाइझ इट' हा पहिला एकल अल्बम काढला. त्यात किन्झी होता. त्याचे वडील, 'बिग डॅडी' किन्झी, इंडियानातल्या गॅरी शहरातले ब्लूज गायक. मुलगा वाढला तोच या संगीतात, आणि पुढे अल्बर्ट किंगसारख्या दिग्गजासोबत वाजवून आला. तो वरवरचा मुलामा देणारा पाहुणा राहिला नाही. टॉशच्या बँडमध्ये राहून, दौऱ्यांवर फिरून तो रेगेतल्या मोकळ्या जागा ओळखायला शिकला.

या अल्बमचं शीर्षकगीत गांजा कायदेशीर करा म्हणणारं होतं आणि जमैकाच्या रेडिओवर त्याला बंदी होती. गंमत म्हणजे 'गांजा' हा शब्द तिथे गेला तो आपल्याकडूनच. १८४५ पासून भारतीय मजूर करारावर जमैकाच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले, त्यांच्यासोबत.

१९७८ मध्ये रोलिंग स्टोन्सनं टॉशला आपल्या कंपनीत घेतलं. 'बुश डॉक्टर' अल्बमवर कीथ रिचर्ड्सची गिटार आहे आणि मिक जॅगरसोबतचं एक युगुलगीतही. ते गाणं गोड आहे, पण टॉशच्या मानानं फारच मवाळ. जॅगरला सोबत घेऊन टॉश सौम्य झाला, असा समज मात्र त्याच वर्षाच्या घटना खोडून काढतात. २२ एप्रिलला किंग्स्टनच्या 'वन लव्ह पीस कॉन्सर्ट'मध्ये पंतप्रधान मायकल मॅन्ली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सिआगा समोर बसलेले असताना टॉशनं मंचावरून गांजाबंदी, पोलीस आणि गरिबांवरचा अन्याय यावर दोघांना खडे बोल सुनावले. काही महिन्यांनी पोलिसांनी त्याला पकडून जबर मारहाण केली.

रॉकचा आवाज घेतला म्हणून त्याच्या गाण्यांतली धार गेली नाही. पुढे तो एम-१६ रायफलच्या आकाराची गिटार घेऊन मंचावर यायचा. ११ सप्टेंबर १९८७ रोजी किंग्स्टनमधल्या घरात घुसलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्याची हत्या केली. तो ४२ वर्षांचा होता. त्याच वर्षी आलेल्या 'नो न्यूक्लिअर वॉर'ला नंतर ग्रॅमी मिळालं.

ऐकायला कुठून सुरुवात करायची?

'कॅच अ फायर'ची २००१ साली आलेली डिलक्स आवृत्ती शोधा. तिच्यात लंडनला जाण्याआधीचं जमैकातलं मूळ ध्वनिमुद्रणही आहे. 'काँक्रीट जंगल' आधी पर्किन्सच्या गिटारशिवाय ऐका, मग तिच्यासह. त्यानंतर टॉशचं 'जॉनी बी. गुड' लावा. हेडफोन असतील तर उत्तम, कारण मोबाइलच्या स्पीकरवर रेगेचा बेस ऐकूच येत नाही.