जुन्या मोटारीच्या तेलाचें उष्णमान

वडिलांच्या वेळची मोटार जपून ठेवणारे कांहीं गृहस्थ आमच्या वाचकांत असतील. अशा गाडीचें आयुष्य रंगरोगणापेक्षां इंजिनांतील तेलावर अधिक अवलंबून असतें. तेल फार तापलें म्हणजे पातळ होतें व बेअरिंगांवरील त्याचा थर तुटतो, हें बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु तेल पुरेसें न तापणें हेंही घातकच, याकडे आम्ही लक्ष वेधूं इच्छितों.

फोक्सवॅगनची बीटल गाडी घ्या. हिचें उत्पादन २००३ सालीं मेक्सिकोंत संपलें. हिच्या इंजिनास पाणी लागत नाहीं. तें वाऱ्यानें व तेलानें निवतें, आणि तेल तर अवघें अडीच लिटर! जुन्या नमुन्यांत तेलाचा कूलर पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेंतच असे. त्यामुळें तिसऱ्या सिलिंडरास वारा कमी मिळे. १९७१ च्या नमुन्यापासून कूलरला निराळी वाट देऊन हा दोष कमी केला गेला.

तेल साधारणतः ८० ते ११० अंश सेल्सिअस असावें. १२० च्या पुढें गेल्यास वेग कमी करून कारण शोधावें. इंजिनाभोवतींचे पत्रे व रबरी पट्ट्या शाबूत आहेत कीं नाहींत, हें प्रथम पाहावें. पाट फुटला म्हणजे पाणी पिकास पोंचत नाहीं, तशीच येथें वाऱ्याची गत होते. शिवाय खालची तापलेली हवा पंखा पुन्हां ओढून घेतो. डायनामोचा तांबडा दिवा वाटेंत लागल्यास गाडी तत्काळ थांबवावी. पंखा व डायनामो एकाच पट्ट्यावर चालतात. तो तुटला असण्याचा संभव असतो.

उलटपक्षीं, रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीचें तेल नुसतें कोमट होतें. ज्वलनांतून आलेलें पाणी व कच्चें पेट्रोल त्यांतून उडून जात नाहीं. गाळ सांचतो व आम्ल धातूस खातें. म्हणून थंड, घट्ट तेल कूलरला वगळून जाईल अशी झडप बीटलच्या मूळ रचनेंतच आहे. जादा कूलर बसविणारांनीं त्यास थर्मोस्टॅट अवश्य जोडावा. आठवड्यांतून एकदां गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. या इंजिनांत मूळची केवळ जाळीच असते, फिल्टर नसतो. यास्तव दर पांच हजार किलोमीटरांस तेल बदलावें.

विहिरीवरील डिझेल इंजिनासही हाच न्याय लागू आहे. पहांटे तें सुरू करतांच पूर्ण भार न देतां तेल थोडें तापूं द्यावें.