संख्यांच्या सहवासात : ६४१ आला कुठून?

या आठवड्यात गाऊसच्या सतरा बाजूंच्या बहुभुजाकृतीकडे वळायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या खेपेला. चिपळूणच्या एका शिक्षिकेनं असा प्रश्न पाठवलाय, की तो ओलांडून पुढे जाववेना. ‘४२९४९६७२९७ ला ६४१ नं भाग जातो, हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. पण ऑयलरनं नेमका ६४१ काढला कुठून? ३, ५, ७ करत सगळ्यांनी भागत बसला होता का?’

नाही! आणि सगळी गोडी तिथेच आहे.

२ चा घात १, २, ४, ८, १६, ३२ असा दुपटीनं चढवून त्यात एक मिळवला की फर्मा संख्या मिळतात, आणि त्या सगळ्या मूळ असतात असा फर्मा या गणितज्ञाचा दावा होता. आपली संख्या म्हणजे त्यांतलीच, २ चा ३२ वा घात अधिक १. ‘म’ ही मूळ संख्या तिला निःशेष भागते असं धरा. मग २ च्या ३२ व्या घाताला ‘म’नं भागल्यावर बाकी उणे १, आणि ६४ व्या घाताची बाकी १. म्हणजे २ चे घात चढवत गेलं की बाक्यांचं चक्र ६४ पावलांनी पुरं होतं, त्याआधी नाही. आता फर्माचा नियम आठवा : २ च्या (म – १) व्या घाताची बाकी १ येते. तेव्हा म – १ ला ६४ नं भाग गेलाच पाहिजे.

झालं, रान आटोक्यात आलं. ६४ च्या पटीत एक मिळवून ज्या मूळ संख्या येतात, तेवढ्याच तपासायच्या. १९३ नं भाग जात नाही. २५७, ४४९, ५७७ नंही नाही. पुढची ६४१. पाचव्या भागाकाराला काम फत्ते. १७३२ साली ऑयलरनं नुसतं उत्तर दिलं होतं. त्यामागची ही वाट त्यानं नंतर लिहून दाखवली. फर्माचा दावा फर्माच्याच नियमानं पडला, आणि दावा व नियम दोन्ही १६४० सालच्याच पत्रांतले. गणिताच्या इतिहासातला हा माझा सर्वांत आवडता योगायोग.

१८१२ मध्ये लंडनला झेरा कोलबर्न या आठ वर्षांच्या अमेरिकन मुलापुढे हीच संख्या ठेवली होती. त्यानं तोंडी हिशेब करून ६४१ गुणिले ६७००४१७ असं सांगितलं. पण आपण हे कसं करतो, ते त्याला त्या वयात सांगता येत नसे. थक्क व्हावं असंच आहे; तरी माझं मन ऑयलरकडेच ओढ घेतं, कारण त्याची वाट तुम्हा-आम्हाला चालता येते.

बाईंना वर्गात फळ्यावर दाखवता येईल असा ताळा देतो. भागाकार लागतच नाही. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा :

६४१ = ५ × १२८ + १
६४१ = ६२५ + १६

१२८ हा २ चा सातवा घात. पहिल्या ओळीवरून, ५ × १२८ ची बाकी उणे १. त्याचा चौथा घात घेतला की बाकी १, म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १. दुसऱ्या ओळीवरून, ६२५ च्या जागी उणे १६ चालतं. १६ म्हणजे २ चा चौथा घात. २८ आणि ४ मिळून ३२. उणे २ चा ३२ वा घात, बाकी १. एक मिळवा, संपलं.

याच्या पुढची फर्मा संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१७. तिथे ६४ ऐवजी १२८ च्या पटी घ्यायच्या. मात्र पहिला विभाजक, २७४१७७, हाती यायला १८८० साल उजाडलं. ६५५३७ च्या पलीकडे मूळ ठरलेली एकही फर्मा संख्या आजवर सापडलेली नाही.