अतिमानवाची कथा कशाने उभी राहते?

कामगार संघटनेच्या माणसाने चित्रपटावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात, सभांत आणि जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत झाले. त्या तंबूत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. पडद्यावरचा वीर एका ठोशात दहा जणांना लोळवी तेव्हा लोक शिट्ट्या मारीत. तोच प्रकार चौथ्यांदा झाला की बिडी ओढायला बाहेर पडत. मात्र वीर पेचात सापडला की कोणी जागचे हलत नसे. असे का व्हावे?

आमचे उत्तर साधे आहे. बळ हा कथेचा विषय नव्हे. बळ जेथे अपुरे पडते तेथे कथा सुरू होते. आपले कीर्तनकार हे पूर्वीपासून जाणतात. समुद्र ओलांडणाऱ्या मारुतीला स्वतःच्याच शक्तीचा विसर पडलेला असतो आणि जांबवंताला ती आठवण करून द्यावी लागते. श्रोते रंगतात ते उड्डाणाआधीच्या त्या घटकेला.

अमेरिकेत 1938 साली जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनी चित्रकथेत ‘सुपरमॅन’ आणला. त्याच वर्षीच्या एका कथेत खाणीत दरड कोसळून कामगार अडकतो. सुपरमॅन त्याला बाहेर काढतो, पण खाणमालक जबाबदारी घेत नाही. आता दरड उचलणारे हात काय करणार? तेव्हा तो मालकाला व त्याच्या श्रीमंत पाहुण्यांनाच खाणीत अडकवतो. धोक्याची सूचना देणारे यंत्र बंद पडलेले आहे, हे मालकाला तेथे कळते आणि त्याचे डोळे उघडतात. संघटनेत आयुष्य घालवलेल्या आम्हांला ही कथा पटते. दगड हलवणे सोपे, माणूस हलवणे अवघड.

1978 सालच्या रिचर्ड डोनर यांच्या ‘सुपरमॅन’ चित्रपटात दोन्ही प्रकार सापडतात. नायकाचे पालक वडील हृदयविकाराने कोसळतात आणि एवढी शक्ती असूनही त्याला काही करता येत नाही. तो प्रसंग मनात राहतो. शेवटी मात्र प्रेयसी मरण पावल्यावर तो काळच मागे फिरवतो. डोळे दिपतात, पण मन म्हणते, मृत्यूही परतवता येत असेल तर आम्ही काळजी कोणाची करावी?

आता आपल्या महाराष्ट्रात या. मालेगावच्या शेख नासिर यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. तो कसा तयार झाला, हे फैझा अहमद खान यांच्या 2008 सालच्या माहितीपटात पाहावयास मिळते. 2025 साली रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ही आला. नासिर यांचा नायक होता शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा काटकुळा तरुण. मागे हिरवे कापड लावून त्याला उडवायचे, सायकलवर बसून चित्रण करायचे, असा सारा थाट. त्याची लढाई होती गावात तंबाखूचे व्यसन पसरवणाऱ्या दुष्टाशी. परक्या ग्रहावरचा राक्षस त्यांना लागला नाही. शत्रू गल्लीतच होता. पुढे शफीक कर्करोगाने गेला. हे ठाऊक असलेल्या माणसाला त्याचे ते उडणे पाहताना नुसते हसू येत नाही.

उद्या वाटूरच्या मुलांनी मोबाइलवर असा चित्रपट काढायचे ठरवले, तर आमची एकच सूचना आहे. दुष्काळात नायकाने नदी उचलून आणली तर कथा दहा मिनिटांत संपेल. त्याच्या हाती एकाच विहिरीपुरते पाणी द्या, समोर दोन वस्त्या उभ्या करा आणि एका वस्तीत त्याची आई ठेवा. मग पाहा, बिडीसाठी कोण उठतो ते.