मामूंची गोळी कुणी बंद केली?

आमच्या मोठ्या मामूंना तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला. चिपळूणहून मुंबईला नेले, एक स्टेंट बसवला, आणि घरी येताना औषधांची भली मोठी पिशवी सोबत आली. त्या पिशवीतली एकच गोळी घरात बदनाम झाली, ती कोलेस्टेरॉलची. रक्त पातळ करणाऱ्या गोळीला कुणी हात लावला नाही, कारण ‘स्टेंट बंद पडेल’ ही भीती सगळ्यांच्या मनात होती. बीपीच्या गोळीचा गुण मशीनवर दिसत होता. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र घेतली तरी मामूंना काही वाटत नसे, आणि एखाद्या दिवशी राहिली तरी काही वाटत नसे. अशी गोळी घरात फार दिवस टिकत नाही.

तीही टिकली नाही. कुणी बंद केली ते आज विचाराल तर मामी म्हणतात, रमजानमध्ये सुटली. मामू म्हणतात, मांड्या दुखत होत्या. मुलगा म्हणतो, रिपोर्ट तर नॉर्मल होता. तिघांचेही खरे आहे. फक्त ज्या डॉक्टरांनी गोळी दिली होती त्यांना कुणीच विचारले नव्हते. आठ महिन्यांनी फजरच्या वेळी मामूंच्या छातीत पुन्हा दुखू लागले आणि दुसरा स्टेंट बसवावा लागला. गोळी चालू असती तर हे टळलेच असते असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही, आम्हीही सांगत नाही. पण त्या दिवशी रक्तातले एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते १५१ निघाले. गोळी चालू असताना ते ७२ होते.

ही गोळी म्हणजे स्टॅटिन. पाकिटावर कंपनीचे नाव मोठे आणि औषधाचे नाव बारीक अक्षरात असते. त्या बारीक अक्षरांत अ‍ॅटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन, सिम्वास्टॅटिन असे काही दिसले, म्हणजे नावाचा शेवट ‘वास्टॅटिन’ असला, की ही तीच गोळी समजावी. आमच्या घरातला सगळा घोटाळा ही बारीक अक्षरे कुणी न वाचल्यामुळे झाला, म्हणून तो आधी सांगतो.

मामूंचा मुलगा कुवेतला असतो. सुट्टीवर येताना त्याने अब्बांसाठी तिथली ‘चांगली’ गोळी आणली. बाहेरचे औषध अस्सल, हा आपल्या कोकणातल्या घरांतला जुना समज. मामू आधीच अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४० घेत होते. मुलाने आणलेली क्रेस्टॉर होती, म्हणजे रोसुवास्टॅटिन २०. नाव वेगळे, रंग वेगळा, म्हणून औषधही वेगळे असणार असे सर्वांनी धरले. सकाळी तिकडची आणि रात्री इकडची, अशा दोन्ही सुरू झाल्या. दोन्ही स्टॅटिनच, आणि दोन्ही आपापल्या जोरदार मात्रेत.

महिन्याभरात मामूंना सजद्यातून उठताना हात टेकावा लागू लागला. दोन्ही मांड्या भरून आल्यासारख्या, जिना चढताना पाय ओढल्यासारखे. मग शेजारच्या एका जाणकाराने सांगितले की कोलेस्टेरॉलच्या गोळ्या स्नायू खातात. रमजान तोंडावर होता. मामूंनी दोन्ही गोळ्या बंद केल्या, कलौंजीचे तेल सुरू केले, आणि दुखणे थांबले. आता याहून मोठा पुरावा घरच्यांना कोणता हवा?

दुखणे थांबले हे खरे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. उत्तर ‘स्टॅटिन नको’ हे नव्हते, ‘एकच स्टॅटिन आणि तेही योग्य मात्रेत’ हे होते.

ही गोळी करते काय? आपल्या शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल यकृतात तयार होते. स्टॅटिन तिथल्या एका एन्झाइमला अडवते. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागते, मग ते रक्तातले एलडीएल जास्त ओढून घेते. म्हणून रक्तातला आकडा उतरतो. जोरदार मात्रेत तो निम्मा किंवा त्याहूनही कमी होतो. एलडीएल साधारण ३९ ने उतरले की हार्ट अटॅक, लकवा अशा मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने घटतात, हे मोठमोठ्या अभ्यासांच्या एकत्रित हिशेबातून दिसले आहे. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरोग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी होते.

ज्यांना ‘केमिकल’ या शब्दाची धास्ती आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. पहिले स्टॅटिन बुरशीतून निघाले. जपानचे अकिरा एंडो यांनी सुमारे ६,००० बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये तांदळावर वाढणाऱ्या एका बुरशीत त्यांना हा पदार्थ सापडला. तेव्हा गोळी नैसर्गिक आहे की नाही यावर भांडण्यात अर्थ नाही. उलट ‘रेड यीस्ट राइस’ नावाने जे नैसर्गिक चूर्ण किंवा कॅप्सूल विकतात, त्यात लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिनच असते, तेही किती ते पाकिटावरून कळत नाही. डॉक्टरांची गोळी आणि वर हे चूर्ण म्हणजे पुन्हा मामूंचाच प्रकार. कलौंजी, लसूण, अर्जुनाची साल घरात असायला आमची ना नाही. पण स्टेंट बसवलेल्या माणसाने त्या भरवशावर स्टॅटिन सोडू नये, आणि असे काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगताना संकोचू नये.

आता दुखण्याविषयी. स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात. बहुधा दोन्ही बाजूंनी, मांड्या, पोटऱ्या, कंबर, खांदे अशा मोठ्या स्नायूंत, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर थोड्याच आठवड्यांत. एकच गुडघा दुखतो, बोटाचे सांधे धरतात, ते बहुधा दुसरे काही असते. इंग्लंडमध्ये एक मोठा गमतीचा प्रयोग झाला, त्याचे निकाल २०२० मध्ये आले. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरात काही महिने स्टॅटिन, काही महिने औषध नसलेली पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटूनपालटून दिले. कोणती गोळी कोणती हे त्यांना माहीत नव्हते. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास झाला त्यातला सुमारे ९० टक्के पोकळ गोळीच्या महिन्यांतही झाला. म्हणजे लोक खोटे बोलत होते असे नाही, त्रास खराच होता. गोळीची धास्तीही दुखवते. हे कळल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

याचा अर्थ कुणी ‘दुखते’ म्हटले की ‘तुमच्या मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावावे असा नव्हे. मामूंचे दुखणे मनाचे नव्हते. दुसऱ्या स्टेंटनंतर डॉक्टरांनी घरातली सगळी पाकिटे मागवली, पलंगावर ओतली, आणि दोन पाकिटे उचलून नुसतीच आमच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी स्नायूंची सीपीके नावाची तपासणी केली, थायरॉइड तपासले. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉलही वाढते आणि स्टॅटिनने स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते, हे आम्हाला तेव्हा कळले. आपल्याकडच्या किती बायकांना थायरॉइड असते हे आठवून पाहा. सगळे ठीक निघाल्यावर रोसुवास्टॅटिन ५ पासून सुरुवात झाली, पुढे १०, आणि जोडीला एझेटिमाइब नावाची दुसऱ्या प्रकारची गोळी, जी आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. रोसुवास्टॅटिन आपल्या आशियाई लोकांच्या रक्तात जास्त चढते, म्हणून ते लहान मात्रेपासून सुरू करण्याची काळजी घेतात. औषध बदलता येते, मात्रा कमी करता येते, दिवसाआड देता येते. डॉक्टरांकडे वाटा पुष्कळ असतात, त्यांना विचारले तर.

थांबायची खूण मात्र ओळखून ठेवा. अंगात उभे राहण्याचेही बळ न राहणे, स्नायू भयंकर दुखणे आणि लघवी काळ्या चहासारखी होणे, असे झाले तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. फार क्वचित होते, पण झाले तर किडनीवर येते. डोळे पिवळे झाले तरी तसेच. यकृताची तपासणी गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा होते, नंतर गरजेप्रमाणे. एन्झाइमचा आकडा थोडासा वर गेला म्हणून घाबरण्याचे कारण नसते, तो नेहमीच्या मर्यादेच्या तिप्पट झाला तर डॉक्टर विचार करतात.

साखरेचे विचाराल तर स्टॅटिनने ती किंचित वाढते, हे खरे आहे. ज्यांची साखर आधीच काठावर आहे त्यांना त्यामुळे थोडे आधी मधुमेही ठरवले जाऊ शकते. तरीही डॉक्टर चाळिशीपुढच्या मधुमेहींना हार्ट अटॅक आलेला नसतानाही ही गोळी देतात, कारण मधुमेह्याच्या हृदयाला असलेला धोका त्या किंचित साखरेपेक्षा फार मोठा आहे.

दुसऱ्या औषधांशी या गोळीचे पटते की नाही हे पाहणे फार गरजेचे. हल्ली नायट्यासाठी कित्येक आठवडे इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल देतात, छातीतल्या कफासाठी क्लॅरिथ्रोमायसिन देतात. सिम्वास्टॅटिन किंवा अ‍ॅटोर्वास्टॅटिन चालू असताना ही औषधे घेतली तर स्टॅटिन रक्तात साचते. चामडीच्या डॉक्टरला हृदयाची गोळी सांगायची कुणाला सुचतच नाही! सांगा, ते दोनपैकी एक बदलतील किंवा तेवढे दिवस स्टॅटिन थांबवायला सांगतील. रोसुवास्टॅटिन घेणाऱ्यांनी आम्लपित्ताचे पांढरे, मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचे औषध गोळीनंतर दोन तासांनी घ्यावे. आखातात सकाळच्या नाश्त्याला ग्रेपफ्रूटचा रस मिळतो, तोही सिम्वास्टॅटिनबरोबर पिऊच नये आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिनबरोबर भरपूर पिऊ नये.

घरातली मुलगी किंवा सून तरुण वयातच स्टॅटिनवर असेल तर दिवस राहण्याचा विचार करतानाच डॉक्टरांशी बोलावे. अचानक दिवस गेले तर लगेच कळवावे, घाबरून जाऊ नये. बहुतेकींना गरोदरपणात ही गोळी थांबवतात, आणि अंगावर पाजतानाही देत नाहीत.

रमजानचे कारण सांगून गोळी सुटते, आणि खरे तर रोज्यात सांभाळायला याहून सोपे औषध नाही. दिवसातून एकदा. अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतात, त्यामुळे इफ्तारनंतर, तरावीहनंतर किंवा सहरीला, केव्हाही चालते, फक्त रोज तीच वेळ धरावी. सिम्वास्टॅटिन तेवढे रात्रीच घ्यावे, कारण यकृत कोलेस्टेरॉल जास्त करून रात्री बनवते आणि ही गोळी लवकर उतरते. एखादी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. (मधुमेह आणि बीपीच्या औषधांची गोष्ट वेगळी, त्यांच्या वेळा रमजानपूर्वी डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्या लागतात.) उमऱ्याला किंवा हजला जाताना पूर्ण मुदतीच्या गोळ्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवाव्यात.

आणखी एक कारण लोक हळूच सांगतात. स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र असलेली कॅप्सूल आपल्याकडे फार चालते, आणि कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते. ते कशाचे, या शंकेने आमच्या ओळखीच्या एका काकांनी ती गुपचूप सोडली होती. म्हणजे स्टॅटिनच नव्हे, रक्त पातळ करणारी औषधेही सोडली! यातली तिन्ही औषधे वेगवेगळ्या साध्या गोळ्यांत मिळतात. डॉक्टरांना एवढेच म्हणायचे, ‘कॅप्सूलऐवजी गोळ्या लिहून द्या’. ते हसत लिहून देतात. फक्त मग जुनी कॅप्सूल डब्यातून काढून टाका, नाहीतर तेच औषध दुप्पट जाईल.

आता त्या ‘नॉर्मल’ रिपोर्टची गोष्ट. मामूंचे एलडीएल १५८ वरून ७२ झाले तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला, आणि मुलगा म्हणाला, आता गोळीची काय गरज? गोळीमुळे आकडा उतरला होता, आजार गेला नव्हता. गोळी थांबवली की काही आठवड्यांत आकडा पूर्वपदावर येतो. शिवाय लॅबच्या कागदावर छापलेले नॉर्मल हे सगळ्यांसाठी असते. ज्याला अटॅक येऊन गेला त्याचे एलडीएल ५५ च्या खाली हवे, असे आपल्याकडचे हृदयरोगतज्ज्ञ आता सांगतात. गोळी सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांत एकदा तपासावे, पुढे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने.

आणि गोळी चालू आहे म्हणून बकरी ईदला भेजा-नल्ली मनसोक्त, हा हिशेब मामूंनीही करून पाहिला होता. मामींनी तो फार दिवस चालू दिला नाही.

मामूंच्या औषधांचा बिस्किटांचा जुना डबा आहे, त्याच्या झाकणावर मामींनी मार्करने औषधांची खरी नावे लिहिली आहेत, कंपनीची नाहीत. नवे पाकीट आले की आधी झाकणाशी ताडून पाहतात, मगच आत ठेवतात. इशाची नमाज झाली की मामू गोळी घेतात, सजद्यातून हात न टेकता उठतात. गेल्या महिन्यात एलडीएल ५८ आले. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे खाली हवे, तीन महिन्यांनी पुन्हा या. कुवेतचा मुलगा यंदा फक्त खजूर घेऊन आला.