संडासाच्या टाकीत माणूस उतरवू नका

6 डिसेंबर हा बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. याच तारखेला 2013 साली हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा नवा कायदा देशात लागू झाला. तो फक्त नगर परिषदेसाठी आहे, असे आपल्यापैकी कोणी समजू नये. घरमालकही त्यात येतो. सुरक्षेची साधने न देता कोणालाही सेप्टिक टँक साफ करायला उतरवले, तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

टाकीत मैला कुजून विषारी वायू साचतो. उतरणारा क्षणात बेशुद्ध पडतो. त्याला काढायला गेलेला दुसराही दगावतो. गटारातील अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली भरपाई 30 लाख केली. पण गेलेला बाप पैशाने परत येत नाही. आणि मरणारा बहुधा आपल्याच शोषित समाजाचा असतो.

म्हणून घर बांधतानाच विचार करावा. यवतमाळ जिल्ह्यातील कपाशीच्या काळ्या जमिनीत पाणी लवकर जिरत नाही. तेव्हा आधी खड्डा खोदून, त्यात पाणी ओतून पाहावे व शोषखड्डा त्या मानाने मोठा करावा. विहीर व हातपंपापासून तो 18 मीटर, म्हणजे साठेक फूट दूर असावा. पाण्याच्या हक्कासाठी आपण 1927 साली महाडला लढलो. ते पाणी आपल्याच हाताने नासवू नये.

जमीन पाणी जिरवणारी असेल, तर दोन खड्ड्यांचा संडास उत्तम. एक भरला की दुसरा चालू करावा. बंद खड्ड्यातील मैल्याचे दोन वर्षांत कोरडे खत होते.

सेप्टिक टँक असल्यास वायूनळीला जाळी बसवावी, झाकण घट्ट ठेवावे, ॲसिड ओतू नये. त्याने मैला कुजवणारे जंतू मरतात. टाकीचे पाणी उघड्या नालीत सोडू नये. दर दोन-तीन वर्षांनी मैला उपसणारी गाडीच बोलवावी. खर्च जड वाटत असेल, तर वस्तीतील चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी बोलवावी. विहारातील बैठकीत हा विषय जरूर घ्यावा.

माणसाला मैल्यात उतरवून मिळणारी स्वच्छता आपल्याला नको.

जयभीम!